हेतू आणि कारण

१

कायद्याचा नैतिक विचार दोन अंगांनी करता येतो. कायद्यामुळे काय घडले, हे एक अंग. आणि तो करणाऱ्यांनी तो कशासाठी केला, हे दुसरे. सामान्य नागरिकाचे लक्ष बहुधा दुसऱ्या अंगाकडे आधी जाते. एखादे विधेयक मंजूर झाले किंवा बारगळले की 'यात कोणाचा फायदा?' असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मिळाले म्हणजे विधेयकाचा विचार पुरा झाला असे समजले जाते. हा प्रश्न निरर्थक नाही. परंतु तोच अखेरचा प्रश्न मानला, तर विचाराची केवढी हानी होते, हे हवामानबदल आणि ऊर्जा या विषयांवरील अमेरिकी कायद्यांच्या गेल्या तीन दशकांच्या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळते.

२५ जुलै १९९७ रोजी अमेरिकेच्या सिनेटने एक ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी संमत केला. वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सदस्य रॉबर्ट बर्ड आणि नेब्रास्काचे रिपब्लिकन सदस्य चक हेगल हे त्याचे प्रवर्तक होते. डिसेंबरात क्योटो येथे हवामानबदलाविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. विकसनशील देशांवर त्याच मुदतीत ठोस बंधने न घालणारा, किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर हानी पोचवणारा कोणताही करार अमेरिकेने या परिषदेत स्वीकारू नये, असे या ठरावाने बजावले. विकसनशील देशांचा निर्देश करताना ठरावात चीन, मेक्सिको, ब्राझील आणि दक्षिण कोरिया यांच्याबरोबर भारताचेही नाव घातले होते. पुढे १९९८ मध्ये क्योटो करारावर अमेरिकेची सही झाली. पण तो संमतीसाठी सिनेटपुढे कधी ठेवलाच गेला नाही आणि मार्च २००१ मध्ये नव्या अध्यक्षांनी त्याकडे पाठ फिरवली.

पंचाण्णव सदस्य एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोणीही नाही, अशा मतदानामागे कोणता हेतू होता? कोळसा, तेल आणि मोटारी यांच्या उद्योगांचे दडपण, असे एक उत्तर दिले जाते. रोजगार जातील ही कामगार संघटनांची धास्ती, असे दुसरे. राष्ट्राभिमान, येणारी निवडणूक, सहकाऱ्यांशी सौजन्य अशी आणखीही उत्तरे आहेत. यांतले प्रत्येक उत्तर काही सदस्यांना लागू पडत असेल. परंतु होकार देणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्सचे जॉन केरी हेही होते. हवामानबदलाविरुद्ध कृती झालीच पाहिजे, असे मानणाऱ्यांपैकी ते एक. पुढे २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री या नात्याने त्यांनीच वाटाघाटींची धुरा वाहिली. म्हणजे कराराचा गळा घोटू पाहणाऱ्याचे मत आणि करार अधिक भक्कम व्हावा असे वाटणाऱ्याचे मत एकाच रकान्यात नोंदले गेले. मतांची गणती झाली. हेतूंची गणती करण्याचे साधन मात्र कोणत्याही सभागृहापाशी नसते.

२

नीतिशास्त्रात हेतूच्या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरे दिली गेली आहेत. इमान्युएल कांट यांनी १७८५ मधील आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार अजाण मुलालाही तोच भाव लावतो, जो तो जाणत्या गिऱ्हाइकाला लावतो. पण असे केल्याने दुकानाची पत टिकते, एवढ्यासाठीच तो प्रामाणिक असेल, तर त्याचे वर्तन कर्तव्याला धरून असले तरी कर्तव्यबुद्धीतून निपजलेले नाही. म्हणून त्याला नैतिक मोल नाही, असा कांट यांचा निष्कर्ष. याउलट जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ मध्ये असे प्रतिपादन केले, की बुडणाऱ्याला वाचवणारा मनुष्य बक्षिसाच्या आशेने पाण्यात उतरला असला तरी त्याची कृती योग्यच ठरते. हेतूवरून माणसाची योग्यता कळते. कृतीची योग्यता हेतूवर अवलंबून नसते.

कायद्याच्या बाबतीत मिल यांचे उत्तर सोयीचे वाटते. दुकानात उभ्या असलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले तर भाव योग्य मिळाला की पुरे. दुकानदाराच्या अंतःकरणाशी त्याला काय कर्तव्य? नागरिकाची स्थिती त्या मुलासारखीच असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, तर तो कमी करणाऱ्या कायद्याला मत देणारा प्रतिनिधी साधू होता की संधिसाधू, याने वातावरणात काही फरक पडत नाही. तथापि या उदाहरणात एक गोष्ट कांट यांच्या बाजूने शिल्लक राहतेच. दुकानदाराचा प्रामाणिकपणा त्याच्या फायद्याशी बांधलेला असेल, तर फायद्याची दिशा बदलताच मुलाला लावलेला भावही बदलेल. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

कायदेमंडळाच्या संदर्भात हेतूचा शोध घेण्यात तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे हेतू दिसत नाही; पुष्कळदा तो ज्याचा त्यालाही नीट ठाऊक नसतो. दुसरी, तो क्वचितच एकटा असतो. देणगीदाराची मर्जी, मतदाराची भीती, पक्षाचा आदेश आणि खरीखुरी निष्ठा एकाच मनात शेजारी शेजारी नांदतात आणि कोणती पुढे होऊन बोलते, ते सांगणे कठीण असते. तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. व्यक्तीला मन असते, सभागृहाला नसते. अनेक परस्परविरोधी हेतूंची बेरीज करून 'सभागृहाचा हेतू' काढू पाहणे म्हणजे बाजारातील सर्व गिऱ्हाइकांची मिळून एक भूक मोजण्यासारखे आहे.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ब्रूस यँडल यांनी १९८३ मध्ये एक मार्मिक निरीक्षण मांडले. रविवारी मद्यविक्रीला बंदी असावी, असे धर्मनिष्ठ बाप्टिस्ट मंडळींना वाटते, आणि चोरटी दारू विकणाऱ्यांनाही वाटते. पहिल्यांमुळे कायद्याला नैतिक अधिष्ठान लाभते आणि दुसऱ्यांमुळे त्याला आतून पाठबळ मिळते. पर्यावरणाच्या चळवळीही या निरीक्षणातून सुटत नाहीत. एन्रॉन या कंपनीने क्योटो कराराची पाठराखण केली होती, ती उत्सर्जनाच्या परवान्यांच्या आणि नैसर्गिक वायूच्या व्यापारात तिला लाभ दिसत होता म्हणून. कोळशाविरुद्ध झुंजणाऱ्या सिएरा क्लब या जुन्या व प्रतिष्ठित संस्थेने २००७ ते २०१० या काळात नैसर्गिक वायूच्या उद्योगाशी संबंधित व्यक्तींकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक देणग्या घेतल्या होत्या, हे २०१२ मध्ये उघड झाले. नव्या कार्यकारी संचालकांनी तोवर तो ओघ थांबवला होता. कोळशाचा विरोधक हा वायूचा प्रतिस्पर्धी असतो, एवढ्यावरून कोळशाचा धूर निरुपद्रवी ठरत नाही. पण हेतूलाच निकष मानणाऱ्या माणसाला मात्र या दोन वाक्यांतला फरक दिसेनासा होतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये याचा प्रत्यय आला. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञांचा खासगी पत्रव्यवहार कोणीतरी संगणकातून चोरून प्रसिद्ध केला. काही वाक्ये संदर्भापासून तोडून, शास्त्रज्ञ अनुदानाच्या लोभाने आकडे फिरवतात, असा गवगवा झाला. नंतरच्या अनेक चौकशांत आकडे बनावट केल्याचे कोठेही आढळले नाही. मात्र माहिती देण्यातील अनुदारपणाबद्दल शास्त्रज्ञांना बोल लावला गेला. दरम्यान संशयाने आपले काम केले होते. ज्याच्यापाशी युक्तिवाद नाही, त्याला प्रतिपक्षाच्या हेतूवर बोट ठेवणे हे सर्वांत स्वस्त साधन असते. कारण ते कोणावरही चालते आणि त्याचा प्रतिवाद कोणालाच पूर्णपणे करता येत नाही.

३

मग हितसंबंधांचे काय? प्रतिनिधीने आपल्या मतदारसंघाचे हित जपणे हा दोष की कर्तव्य? एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते, की प्रतिनिधीने मतदारांच्या इच्छेपुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकणे ही त्यांची सेवा नव्हे. आयर्लंडशी होणारा व्यापार आणि कॅथलिकांना द्यावयाच्या सवलती या प्रश्नांवर त्यांनी ब्रिस्टलच्या मताविरुद्ध भूमिका घेतली आणि १७८० मध्ये पराभव समोर दिसताच त्यांना तेथील निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. तत्त्व उदात्त होते. पण बर्क यांना संसदेत राहण्यासाठी दुसरा मतदारसंघ उपलब्ध झाला, ही गोष्टही विसरता येत नाही. सर्वांनाच तशी सोय नसते.

रॉबर्ट बर्ड हे वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाप्रदेशात वाढले. आईच्या मृत्यूनंतर ज्या काकांनी त्यांचा सांभाळ केला, ते खाणकामगार होते. १९५९ पासून मृत्यूपर्यंत ते सिनेटमध्ये होते. कोळसा हा त्यांच्या दृष्टीने केवळ देणगीदारांचा व्यवसाय नव्हता. तो त्यांच्या माणसांचा घास होता. ज्या खोऱ्यात खाणीखेरीज दुसरी मिळकत नाही, तेथील कामगाराने आपल्या प्रतिनिधीला 'हा कायदा होऊ देऊ नका' असे सांगणे यात अनैतिक काही नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे, आणि ज्याला लॉबिंग म्हणतात तो या हक्काचाच पगारी विस्तार आहे. तो पगारी झाल्यामुळे ज्यांच्यापाशी पैसा अधिक, त्यांचे गाऱ्हाणे अधिक मोठ्याने ऐकू येते, हे खरे. २००० ते २०१६ या काळात हवामानविषयक कायद्यांसंबंधी अमेरिकी काँग्रेसमध्ये लॉबिंगवर दोनशे कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि त्यात पर्यावरणसंस्था व अक्षय ऊर्जेचे उद्योग यांचा वाटा अगदीच लहान होता, असे रॉबर्ट ब्रूल यांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसून आले. ही विषमता गंभीर आहे. पण ती आवाजांतील विषमता आहे. हित सांगणे हाच अपराध, असे त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेत असा खर्च कायद्याने जाहीर करावा लागतो, म्हणूनच हा हिशेब मांडता आला. भारतात तशी नोंदणी सक्तीची करणारा कायदा नाही.

हित उघडपणे सांगणाऱ्याचा आदर्श महाभारतात आहे. युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर शस्त्रे उतरवून भीष्मांच्या आशीर्वादासाठी जातो, तेव्हा भीष्म त्याला सांगतात, की मनुष्य अर्थाचा दास असतो आणि आपण कौरवांच्या अर्थाने बांधलेले आहोत. लढू त्यांच्याकडून, विजय मात्र तुझा चिंतू. भीष्मांच्या या उत्तराबद्दल अनेकांनी त्यांना दोष दिला आहे आणि तो अनाठायी नाही. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ते कौरवांचा पक्ष धर्माचा आहे असे म्हणाले नाहीत. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यासाठी लढण्याची अगतिकता त्यांनी पत्करली. सत्याविषयी संभ्रम पसरवण्याचे काम पत्करले नाही.

बर्ड यांच्या आयुष्याचा शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. डिसेंबर २००९ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांनी आपल्याच राज्याला उद्देशून एक निवेदन प्रसिद्ध केले. हवामानबदलाचे वाढते शास्त्रीय पुरावे नाकारणे म्हणजे डोळे मिटून घेणे होय. कोळसा-उद्योगाने भविष्याला सामोरे गेले पाहिजे. आणि भीतीचा बाजार मांडणाऱ्यांनी खाणकामगारांचे काही भले केलेले नाही, असा त्याचा आशय होता. १० जून २०१० रोजी हरितगृह वायूंवर नियंत्रण ठेवण्याचा पर्यावरण संरक्षण संस्थेचा अधिकार काढून घेणारा प्रस्ताव सिनेटपुढे आला. वेस्ट व्हर्जिनियाच्या दुसऱ्या सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले. बर्ड यांनी विरोधात दिले. प्रस्ताव ४७ विरुद्ध ५३ असा फेटाळला गेला. त्यानंतर अठरा दिवसांनी बर्ड यांचे निधन झाले. पुन्हा निवडणूक लढवावयाची नव्हती म्हणून हे धैर्य आले, असे म्हणणारा म्हणू शकतो. म्हणजे हेतूचा संशय मृत्युशय्येपर्यंत पाठ सोडत नाही. पण त्या निवेदनातील विधाने खरी होती की खोटी, या प्रश्नाला त्या संशयाचा स्पर्शही होत नाही.

साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन प्रतिनिधी बॉब इंग्लिस यांचे उदाहरण याहून बोलके आहे. आपण अनेक वर्षे हवामानबदल नाकारत होतो, कारण अल गोर तो मानत होते, अशी कबुली त्यांनी स्वतःच पुढे दिली. मुलाने केलेला आग्रह आणि अंटार्क्टिकातील बर्फाच्या नमुन्यांचे दर्शन यांनी त्यांचे मत पालटले. २००९ मध्ये त्यांनी कार्बनवर कर बसवून तितकाच अन्य कर कमी करण्याचे विधेयक मांडले. जून २०१० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत त्यांना मोठ्या फरकाने नाकारले. पराभवाची कारणे एकाहून अधिक होती. हवामानावरील भूमिका त्यांतील एक प्रमुख कारण होती, असे ते स्वतः मानतात. ज्या मतासाठी किंमत मोजावी लागते, त्या मतामागील हेतूविषयी थोडी खात्री बाळगता येते. परंतु लोकशाही अशा अपवादांवर चालवता येत नाही.

४

हेतूचा शोध निष्फळ आणि हिताचे गाऱ्हाणे रास्त, असे मानले तर लॉबिंगमध्ये आक्षेपार्ह असे काही उरतच नाही काय? उरते. मात्र ते ओळखण्यासाठी हेतू आणि कारण यांत भेद करावा लागतो. मराठीत 'कारण' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एखादी गोष्ट ज्यामुळे घडते ते कारण, आणि एखादी गोष्ट का करावी हे सांगताना जे पुढे केले जाते तेही कारण. पहिल्या अर्थाचे कारण, म्हणजे हेतू, मनात असते. दुसऱ्या अर्थाचे कारण चारचौघांत असते. ते तपासता येते, खोडता येते आणि मान्यही करता येते. सार्वजनिक जीवनाचा सारा व्यवहार या दुसऱ्या अर्थाच्या कारणांवर चालतो. म्हणूनच कांट यांनी १७९५ मध्ये राजनीतीसाठी एक वेगळीच कसोटी सुचवली: दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित अशी जी कृती तिचे सूत्र जाहीर करताच अशक्य होईल, ती कृती अन्याय्य समजावी. दुकानदाराच्या मनात डोकावणारा तत्त्वज्ञ सभागृहाच्या दाराशी येताच मनाऐवजी उघडपणा तपासू लागतो, हे लक्षणीय आहे.

या कसोटीवर काय टिकत नाही, ते पाहावे. १९८९ मध्ये अमेरिकेत तेल, कोळसा, मोटारी आणि वीज या उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअ‍ॅलिशन' नावाचा गट स्थापन केला. उत्सर्जनावर बंधने नकोत, हा त्याचा उघड हेतू होता आणि तो उघड असल्यामुळे त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु हवामानावरील मानवी परिणामाबद्दल विज्ञानात एकमत नाही, असे हा गट जगाला सांगत असताना, १९९५ मध्ये त्याच्याच शास्त्रीय सल्लागारांनी तयार केलेल्या अंतर्गत टिपणात हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया भक्कम असून तो नाकारता येणार नाही, असे नमूद केले होते. विरोधी सिद्धान्त पटण्याजोगे नाहीत असे सांगणारा त्या टिपणातला भाग पुढे वगळण्यात आला. एका न्यायालयीन खटल्यातून ही कागदपत्रे बाहेर आली आणि २००९ मध्ये वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. तोवर गट विसर्जित होऊन सात वर्षे लोटली होती आणि मतदान होऊन बारा.

हा भीष्मांचा मार्ग नव्हे. हा 'नरो वा कुंजरो वा'चा मार्ग आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, हे सत्यच होते. पण ते द्रोणांच्या कानावर अशा रीतीने घातले गेले, की त्यातून असत्यच उमजावे. विज्ञानात अनिश्चितता असते, हे विधानही सत्यच आहे. ऐकणाऱ्याने त्यातून 'म्हणजे काहीच माहीत नाही' असे समजावे, अशा बेताने ते उच्चारले जाते, तेव्हा तो अपराध हेतूचा राहत नाही. तो कारणाच्या विटंबनेचा होतो. युधिष्ठिराचा रथ आजवर भूमीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या क्षणी खाली आला, असे महाभारत सांगते. लोककल्याणाचा त्याचा हेतू त्या रथाला वर धरू शकला नाही.

२००९ मधील घटना याहून स्थूल, म्हणून अधिक स्पष्ट आहे. उत्सर्जनावर मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री सुरू करणारे वॅक्समन-मार्की विधेयक २६ जून रोजी प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले. त्या मतदानापूर्वी व्हर्जिनियाचे प्रतिनिधी टॉम पेरिएलो यांच्या कार्यालयात विधेयकाला विरोध करणारी काही पत्रे आली. ती स्थानिक अल्पसंख्य समाजाच्या संस्थांच्या नावाने होती. त्या संस्थांनी ती लिहिलीच नव्हती. कोळसा-उद्योगाच्या वतीने चाललेल्या मोहिमेत काम करणाऱ्या वॉशिंग्टनमधील एका प्रचारसंस्थेत ती बनवण्यात आली होती. हे उघड झाले तेव्हा मतदान होऊन गेले होते. पेरिएलो यांनी विधेयकाच्या बाजूनेच मत दिले होते. पुढल्या वर्षी ते पराभूत झाले. गरिबाच्या वीजबिलाची काळजी हे ऐकून घेण्याजोगे कारण आहे. पण ते गरिबाच्या नावाने, गरिबाला न विचारता, खोट्या सहीने सांगितले गेले की गाऱ्हाणे मांडण्याचा हक्कच चोरीला जातो. ज्याचा आवाज आधीच क्षीण आहे, त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले जातात.

आता १९९७ च्या ठरावाकडे पुन्हा वळता येईल. पंचाण्णव मनांचा शोध न घेताही त्याचा न्याय करता येतो. कारण त्याने आपले कारण स्वतःच सांगितले होते. विकसनशील देशांना सूट देणे असमान आहे, हे ते कारण. ते तपासून पाहावे. त्या काळी अमेरिकेत दरडोई कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन वीस टनांच्या आसपास होते. भारतात ते एका टनाच्या आसपास होते. शिवाय १९९२ मध्ये रिओ येथे झालेल्या ज्या आराखडा करारात, जबाबदारी सर्वांची पण ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे वेगळी, हे तत्त्व मान्य झाले, त्याला याच सिनेटने त्याच वर्षी संमती दिली होती. चीनचे उत्सर्जन वेगाने वाढणार आहे हा ठरावाच्या समर्थकांचा इशारा पुढे खरा ठरला, हेही याच तपासणीत नोंदवले पाहिजे. पण त्या इशाऱ्यावरून, ज्याने सर्वांत अधिक भर घातली त्याने आरंभ करू नये, असे निष्पन्न होत नाही. ठराव चुकला, तो त्याच्या कारणात चुकला. असा निवाडा नम्र असतो; तो कोणाच्याही अंतःकरणाचा पंच होत नाही. आणि तो कठोरही असतो. कारण चांगल्या हेतूची सबब त्याच्यापुढे चालत नाही. केरी यांचे मतही त्याला तपासावे लागते.

५

या विवेचनावर एक वजनदार आक्षेप घेता येईल. कारणे, युक्तिवाद, उघडपणा हे सर्व ठीक. परंतु कायदे हितसंबंधांच्या देवघेवीतूनच होतात आणि झाले तेही तसेच झाले, असे व्यवहारज्ञ म्हणेल. २०२२ चा कायदा हा त्याचा सर्वांत भक्कम दाखला.

बर्ड यांच्या रिक्त जागी नोव्हेंबर २०१० मध्ये जो मँचिन निवडून आले. त्या निवडणुकीतील एका जाहिरातीत त्यांनी उत्सर्जन-मर्यादा विधेयकाच्या प्रतीवर बंदूक झाडून दाखवली होती. कोळशाच्या कौटुंबिक व्यवसायातून त्यांना उत्पन्न मिळत होते, हे त्यांच्याच आर्थिक विवरणपत्रांत नोंदलेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी महागाई आणि राष्ट्रीय कर्ज ही कारणे देऊन आपल्या पक्षाचे मोठे विधेयक अडवले, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वांना चकित करून त्याच्या आटोपशीर रूपाला संमती दिली. ७ ऑगस्ट रोजी सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने ते मंजूर झाले. स्वच्छ ऊर्जेसाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलरची तरतूद असलेला तो अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठा हवामान-कायदा. पण नाव मात्र महागाई कमी करण्याचे. समुद्रातील पवनऊर्जेसाठी क्षेत्रे देण्यापूर्वी तेल आणि वायूच्या उत्खननासाठी क्षेत्रे लिलावात काढली पाहिजेत, अशी अट त्यातच होती. हेतूंची शुद्धता शोधणाऱ्याने हा कायदा दूर लोटला असता आणि त्याने मोठी चूक केली असती.

कायद्याच्या रचनेमागे एक शहाणपणाचा हिशेब होता. दंड नको, सवलती द्याव्यात. कारखाने विरोधी पक्षाच्या मतदारसंघांत उभे राहिले तर उद्या तेच प्रतिनिधी कायद्याचे रक्षण करतील. हिताला हिताने बांधून टाकावे, हा तो विचार. काही काळ तो खरा ठरेल असे वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहातील १८ रिपब्लिकन सदस्यांनी या सवलती सरसकट रद्द करू नयेत, असे सभापतींना लेखी कळवले. त्यानंतर १ जुलै २०२५ रोजी सिनेटमध्ये पुन्हा ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाली आणि या वेळी उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने, त्या सवलतींतील अनेकांना कात्री लावणारा कायदा पुढे सरकला. ४ जुलै रोजी तो अमलात आला. पत्रावर सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याला मत दिले. आपल्या भागातल्या कारखान्यांचे हित त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्या हितापेक्षा मोठे दुसरे हित, पक्षातील आपले स्थान, त्यांच्यापुढे उभे राहिले.

कांट यांच्या दुकानदाराने येथे आपला भाव बदलला. तीन वर्षांपूर्वी जे हिताने बांधले होते, ते दुसऱ्या हिताने सोडवले. हितावर उभारलेला कायदा दुबळा असतो असे नव्हे. पण त्याचे बळ उधारीचे असते. ज्या कारणासाठी तो करावयाचा, ते कारण त्याच्या नावातही नव्हते आणि त्याच्या समर्थनातही पुरेसे नव्हते. मग तो मोडताना त्या कारणाचा प्रतिवाद करण्याची गरज कोणाला भासावी? उघडपणे सांगितलेले आणि लोकांनी मानलेले कारण हाही काही अभेद्य तट नव्हे. परंतु ते ओलांडावयाचे तर निदान त्याला उत्तर द्यावे लागते. न सांगितलेल्या कारणाला कोणीच उत्तर देणे लागत नाही.

हवामानाच्या प्रश्नात या भेदाला विशेष महत्त्व आहे. ज्यांचे सर्वांत अधिक नुकसान व्हावयाचे आहे, त्यांतील फार थोडे लोक आज मतदार आहेत. काही जन्मलेले नाहीत. काही दूरच्या किनाऱ्यांवर, दुसऱ्या देशांत राहतात आणि वॉशिंग्टनमध्ये त्यांचा वकील नाही. हिताच्या देवघेवीत त्यांच्यापाशी देण्यासारखे काही नाही. सभागृहात त्यांचा प्रवेश एकाच वाटेने होऊ शकतो, आणि ती वाट कारणाची आहे. कोणीतरी त्यांच्या बाजूचे खरे कारण उच्चारावे आणि इतरांना त्याचा विचार करणे भाग पडावे, एवढीच. म्हणून कारणाच्या जागी सोयीस्कर संशय ठेवणारा दबावगट, आणि प्रत्येक कारणामागे हेतूच हुंगणारा नागरिक, हे दोघेही नकळत एकच काम करतात. दोघेही ती वाट बंद करतात.

९२ वर्षांच्या बर्ड यांनी खाणीच्या प्रदेशाला जे सांगितले, ते त्या प्रदेशाला रुचणारे नव्हते. पुढल्या निवडणुकीने ते पुसूनही टाकले. पण ते सांगितले गेले होते. एका खाणकामगाराच्या घरात वाढलेल्या, आयुष्यभर कोळशाची बाजू मांडलेल्या माणसाने ते सांगितले होते, आणि ते खोडून काढणारा युक्तिवाद वेस्ट व्हर्जिनियात अद्याप कोणी केलेला नाही.